कोशातील जागा आणि एक विद्यार्थी-वार्ताहर

कोशाची परीक्षा करताना त्यात काय आले आहे हे पाहणे सोपे असते. काय गाळले आहे, आणि ते कोणत्या न्यायाने गाळले आहे, हे पाहणे कठीण. परंतु संपादकाचा खरा कस तेथेच लागतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड १९२९ पर्यंत पुरे केले, तेव्हा कोणत्या विषयास किती रकाने द्यावयाचे हा प्रश्न विद्वत्तेचा होता तितकाच कागदाचा, छपाईचा आणि भागधारकांच्या पैशाचा होता. इंग्रजांच्या राष्ट्रीय चरित्रकोशाचे ६३ खंड १८८५ ते १९०० या काळात निघाले. त्याच्या संपादकांनी निम्मी भांडणे एका युक्तीने मिटविली : हयात माणसास प्रवेश नाही. एवढे करूनही १९९३ साली राहून गेलेल्यांसाठी एक निराळा खंड काढावा लागला आणि त्याकरिता लाखाच्या वर नावे सुचविली गेली. त्यांतून हजाराच्या आसपास घेतली गेली. दाराशी नेहमीच गर्दी असते, हे यावरून दिसेल.

जानेवारी २००१ मध्ये इंग्रजीत जन्मलेल्या आणि मे २००३ पासून मराठीतही चालत आलेल्या विकिपीडिया या मुक्त विश्वकोशास कागद लागत नाही, शाई लागत नाही, बांधणावळ लागत नाही. जागा नाही ही सबब तेथे चालत नाही. हयात माणसास बंदी नाही. लिहिणारा कोण, याचीही चौकशी नाही. अशा कोशात प्रत्येक जण स्वतःची, आपल्या मुलाची किंवा आपल्या आवडत्या गवयाची नोंद करू लागला तर कोश आणि कुलवृत्तांत यांत भेद तो काय राहिला? म्हणून वेशीवर एक नियम उभा करणे प्राप्त झाले. त्या नियमाची, आणि तो एका विद्यार्थी-वार्ताहरास लावला असता त्याचे काय होते याची, परीक्षा करण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

नियम थोडक्यात असा : ज्या व्यक्तीविषयी विश्वसनीय आणि तिच्याशी हितसंबंध नसलेल्या साधनांनी सविस्तर लिहिले आहे, ती नोंदीस पात्र आहे असे गृहीत धरावे. 'गृहीत धरावे' हे शब्द वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे त्यांचे काम पडणार आहे. या पात्रतेस मराठीत 'उल्लेखनीयता' असे नाव पडले आहे आणि आमच्या मते अर्ध्या गैरसमजाचे मूळ या नावातच आहे. 'उल्लेखनीय' म्हटले की मराठी कानाला स्तुती ऐकू येते. परीक्षेत उल्लेखनीय यश, रणांगणावर उल्लेखनीय कामगिरी, असे आपण म्हणतो. नियमाला मात्र स्तुती अभिप्रेत नाही. माणूस थोर आहे काय, हे तो विचारीतच नाही. त्याची दखल घेतली गेली आहे काय, एवढेच विचारतो. दखल ही घडून गेलेली गोष्ट असते, ती कागदावर दाखविता येते. थोरवी दाखविता येत नाही, तिच्याविषयी वादच घालावा लागतो. त्यामुळे अमुक विद्यार्थ्याची 'योग्यता' नोंदीइतकी आहे काय, हा प्रश्नच मुळात चुकीच्या शब्दांत विचारला जातो.

हा नियम योग्यता मोजीत नाही याचे सर्वांत बोलके उदाहरण कॅनडातील पदार्थविज्ञानवेत्त्या डोना स्ट्रिकलंड यांचे आहे. त्यांच्यावरील नोंदीचा एक मसुदा मे २०१८ मध्ये पुरेशा साधनांच्या अभावी नाकारण्यात आला. २ ऑक्टोबर २०१८ रोजी त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेही १९८० नंतरच्या दशकात केलेल्या कामाबद्दल. काम तीस वर्षांपूर्वीचे. दखल मात्र त्या दिवसाची. ज्याने मसुदा नाकारला त्याच्यावर तेव्हा टीकेची झोड उठली. आम्हांस ती सर्वस्वी न्याय्य वाटत नाही. कोशकाराने जगाच्या आधी थोरवी ओळखावी ही अपेक्षा भविष्यवाद्याकडून करावयाची असते. मात्र इतकी वर्षे जगाने अशा विदुषीविषयी सविस्तर का लिहिले नाही, हा प्रश्न उरतो आणि तो कोशाच्या वेशीवर सुटणारा नाही.

आता प्रत्यक्ष प्रकरणाकडे वळू. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात 'स्टॅनफर्ड डेली' नावाचे वृत्तपत्र विद्यार्थी चालवितात. ते १८९२ पासूनचे आहे आणि १९७३ पासून विद्यापीठाच्या ताब्यातून मुक्त आहे. या पत्रात नोव्हेंबर २०२२ च्या अखेरीस थिओ बेकर या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने विद्यापीठाचे अध्यक्ष आणि नामांकित मज्जाशास्त्रज्ञ मार्क टेसिए-लव्हीन यांच्या नावावरील काही जुन्या शोधनिबंधांतील चित्रांत फेरफार झाल्याचे आरोप मांडले. विश्वस्तांनी चौकशी मंडळ नेमले. जुलै २०२३ मध्ये अहवाल बाहेर आला आणि अध्यक्षांनी पद सोडण्याचे जाहीर केले. पुढे त्यांचे काही निबंध नियतकालिकांनी मागे घेतले. अहवाल येण्यापूर्वीच, १९४९ पासून दिले जाणारे जॉर्ज पोल्क पारितोषिक फेब्रुवारी २०२३ मध्ये बेकरला मिळाले होते. त्याचे वय तेव्हा १८ होते आणि या पारितोषिकाचा इतका लहान मानकरी पूर्वी झाला नव्हता.

अशा तरुणाची स्वतंत्र नोंद असावी काय?

या कोशात असे प्रश्न एका विलक्षण वाङ्मयप्रकाराने सुटतात. त्यास वगळण्याविषयीची चर्चा म्हणतात. सामान्यतः सात दिवस ती चालते. ज्याला काही म्हणावयाचे असेल तो आपले मत, 'ठेवा', 'वगळा' किंवा 'दुसऱ्या नोंदीत विलीन करा', अशा एका शब्दाने आरंभ करून, कारणासह लिहितो आणि खाली सही व तारीख टाकतो. बहुतेक सह्या टोपणनावांच्या. अखेरीस एक प्रचालक सर्व वाचून निकाल देतो. त्याने हात मोजावयाचे नसून युक्तिवाद तोलावयाचे असतात. निकाल लागण्याजोगी एकवाक्यता नसेल तर नोंद राहते. गावची पंचायत आणि पंडितांची सभा यांचा हा संकर आहे, आणि त्यात दोहोंचे गुणदोष उतरले आहेत. 'मी याचे नावही ऐकलेले नाही' असे म्हणणारा पंचायतीतला, आणि कलम व पोटकलम यांच्यापलीकडे न पाहणारा सभेतला. 'पोरगा मोठा हुशार आहे हो' हे म्हणणाराही नेहमी एक तरी निघतोच. हे तीनही युक्तिवाद सारखेच निरुपयोगी आहेत. तथापि चांगली चर्चा वाचावयास मिळते तेव्हा तिच्यातील काटेकोरपणा पाहून आमच्या कित्येक ग्रंथपरीक्षणांची लाज वाटल्यावाचून राहत नाही.

विद्यार्थी-वार्ताहराविरुद्ध अशा चर्चेत हमखास येणारा आक्षेप म्हणजे तो एकाच घटनेपुरता प्रसिद्ध आहे हा. कोशाच्या नियमांत या आक्षेपास जागा आहे. पण तिच्याभोवती तीन अटींचे कुंपण आहे, आणि आक्षेप घेणारे ते बहुधा विसरतात. साधनांनी त्या माणसाचा उल्लेख केवळ त्या एका घटनेच्या ओघात केलेला असावा. एरवी तो प्रसिद्धीपासून दूर राहणारा असावा. आणि घटना क्षुल्लक तरी असावी किंवा तीत त्याचा वाटा किरकोळ तरी असावा. तिन्ही अटी एकदम पुऱ्या झाल्या तरच स्वतंत्र नोंद टाळावयाची. बेकरच्या बाबतीत तिसरी अट पुरी होत नाही. एका मोठ्या विद्यापीठाचा अध्यक्ष पायउतार होणे ही घटना क्षुल्लक नव्हे आणि तीत या मुलाचा वाटा किरकोळ होता असे कोणीच म्हणत नाही. शिवाय मान्यवर पारितोषिक मिळणे ही नियमानेच पात्रतेची खूण मानली आहे. म्हणजे कलमांच्या बाजूने पाहता खटला तेथेच संपतो.

आमचे समाधान मात्र तेथे होत नाही. नियमाची सगळी भिस्त 'हितसंबंध नसलेल्या साधनां'वर आहे. गायकाविषयी वृत्तपत्राने लिहिले, शास्त्रज्ञाविषयी लिहिले, तर लिहिणारा निराळ्या धंद्यातला असतो. वार्ताहराविषयी लिहिणारा मात्र वार्ताहरच असतो. प्रशस्ती देणारे त्याच पेशातले, पारितोषिकाचे परीक्षक त्याच पेशातले, आणि 'पाहा, आमच्या धंद्यात अजून प्राण आहे' असे सांगण्याची प्रत्येक संपादकास हौस. तरुण वार्ताहराने सत्ताधीशाला खाली खेचल्याची कथा वृत्तपत्रांना जितकी गोड लागते तितकी दुसऱ्या कोणास लागणार नाही. यात लबाडी आहे असे आमचे म्हणणे नाही. परंतु सोनाराने सोनाराच्या सोन्याला कस लावला तर गिऱ्हाईकाने तो आणखी एकदा लावून पाहावा, इतकेच. बेकरचे आईबाप, पीटर बेकर आणि सुझन ग्लासर, हेही अमेरिकेतील नामांकित पत्रकार आहेत. आईबापांची कीर्ती मुलास वारशाने मिळत नाही असे या कोशाचे एक सूत्र आहे आणि ते दोन्ही बाजूंनी पाळले पाहिजे. त्यांच्यामुळे त्याला नोंद मिळू नये. त्यांच्यामुळे ती नाकारलीही जाऊ नये.

पेशाबाहेरचा साक्षीदार शोधावयाचा तर तो चौकशी मंडळाचा अहवाल हाच. त्याचे वाचन उद्बोधक आहे. टेसिए-लव्हीन यांनी स्वतः लबाडी केली किंवा ती होत असताना त्यांना ठाऊक होती, असे मंडळास आढळले नाही. त्यांच्या प्रयोगशाळांतून निघालेल्या काही निबंधांत इतरांनी फेरफार केले होते, आणि चुका लक्षात आल्यावर त्या त्यांनी निर्धाराने व सरळपणे दुरुस्त केल्या नाहीत, असा ठपका मात्र आला. याच अहवालात आणखी एक गोष्ट आहे. २००९ च्या एका निबंधाविषयी विद्यार्थी-पत्राने फेब्रुवारी २०२३ मध्ये जो सर्वांत गंभीर आरोप छापला होता, म्हणजे तेथे लबाडी सापडली आणि ती दडविली गेली, तो चुकीचा दिसतो असे मंडळाने म्हटले. निबंध मात्र शास्त्रीय काटेकोरपणाच्या रूढ मर्यादेहून खाली होता असेही म्हटले. आता कोणी वृत्तपत्रांतील कौतुकाच्या लेखांवरून बेकरची नोंद रचली तर तीत विजय येईल. हा शेवटचा भाग येईलच असे नाही. ज्या नोंदीत तो येणार नाही ती नोंद नसून मानपत्र होय. आणि पदावरून गेलेल्या हयात माणसावर तीत अन्यायही होईल, ही गोष्ट विजयगाथेच्या ओघात कोणाच्याच ध्यानी राहत नाही.

दुसरे असे की, त्या चित्रांतील दोष प्रथम बेकरला दिसले नव्हते. पबपीअर या शास्त्रीय टीकेच्या स्थळावर शंका आधीच नोंदल्या गेल्या होत्या. तेथे लिहिणाऱ्यांपैकी एलिझाबेथ बिक यांचे नाव जगाला ठाऊक झाले. बाकीचे बहुतेक निनावीच आहेत आणि निनावीच राहतील. तज्ज्ञांच्या कोपऱ्यात पडून असलेली गोष्ट उचलणे, जाणत्यांकडून तपासून घेणे, सामान्य वाचकास कळेल अशा रीतीने मांडणे आणि दडपणाखाली मागे न हटणे, हे वार्ताहराचे काम त्याने केले. ते लहान नाही. परंतु तो 'शोध' नव्हे, आणि नोंदीतील क्रियापद निवडताना हा भेद सांभाळला पाहिजे. कोशाच्या लेखनात विशेषणांपेक्षा क्रियापदेच अधिक दगा देतात, असा आमचा अनुभव आहे.

या एका नावाशेजारी ज्यांना नाव मिळाले नाही त्यांना ठेवून पाहिले म्हणजे नियमाचा स्वभाव अधिक स्पष्ट होतो. कॅन्सस संस्थानातील पिट्सबर्ग गावच्या हायस्कुलातील 'बूस्टर रिडक्स' या शालेय पत्राच्या सहा विद्यार्थ्यांनी २०१७ साली नव्याने नेमलेल्या मुख्याध्यापिकेच्या पदव्यांची छाननी करून त्या देणाऱ्या संस्थेविषयी शंका छापल्या. तिने पदावर रुजू होण्यापूर्वीच राजीनामा दिला. देशभर त्यांचे नाव झाले. जुलै २०२३ मध्ये, म्हणजे स्टॅनफर्डचा निकाल लागला त्याच महिन्यात, 'डेली नॉर्थवेस्टर्न' या दुसऱ्या विद्यार्थी-पत्राने खेळाडूंच्या छळाच्या आरोपांविषयी वृत्त दिले आणि दोनच दिवसांत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने आपल्या फुटबॉल-संघाच्या मुख्य शिक्षकास काढले. त्याने पुढे न्यायालयात दाद मागितली आणि २०२५ मध्ये तडजोड झाली. ते वृत्त अनेकांच्या सहीने निघाले होते. परिणामांच्या तराजूत ही दोन्ही कामे हलकी नाहीत. पण सहा जणांची कीर्ती सहात वाटली जाते आणि कोणाच्याच वाट्याला नोंदीपुरती उरत नाही. एकाच नावाभोवती कथा गुंफणे वृत्तपत्रांना सोपे पडते, आणि वृत्तपत्रे जशी कथा सांगतात तसा कोश नोंदी करतो. 'स्टॅनफर्ड डेली'तही त्या मुलाच्या मागे संपादक होते; मजकूर छापण्याची जोखीम त्यांनीही घेतली होती.

तरीही कॅन्ससच्या मुलांना स्वतंत्र नोंदी नसाव्या असेच आमचे मत आहे. याचे कारण त्यांचे काम कमी प्रतीचे होते हे नव्हे. ते काम पत्राचे होते, सामुदायिक होते. तेव्हा त्याची जागा पत्राच्या किंवा शाळेच्या नोंदीत आहे. शिवाय ती शाळकरी मुले होती. चरित्रनोंद म्हणजे शाल-श्रीफळ नव्हे. तीत कोणीही, केव्हाही, काहीही लिहू शकतो. जॉन सीगेनथालर या वयोवृद्ध अमेरिकन संपादकाच्या नोंदीत २००५ साली कोणीतरी त्याचा केनेडी बंधूंच्या खुनांशी संबंध असल्याची थाप घुसडून दिली आणि ती चार महिन्यांवर तशीच राहिली. त्याच्यापाशी लेखणी होती, वृत्तपत्र होते, ओळखीपाळखी होत्या. त्याने गवगवा केला आणि त्यानंतर या कोशाने हयात माणसांविषयीचे नियम कडक केले. सोळा वर्षांच्या मुलीच्या नोंदीत असे काही घडले तर ती कोणाकडे जाणार? कोशात शिरण्यासाठी धडपडणारे फार. शिरल्यावर आपल्या नोंदीवर आपला हक्क चालत नाही, हे त्यांतील थोड्यांनाच ठाऊक असते. अल्पपरिचित व्यक्तीने स्वतःच नोंद काढण्याची विनंती केली आणि चर्चेत एकवाक्यता नसली तर नोंद काढता येते, अशी एक दयेची खिडकी नियमांत ठेवली आहे. ती अधिक रुंद असती तरी आम्ही तक्रार केली नसती.

मराठीपुरते येथे थोडे लिहिणे अवश्य आहे. इंग्रजीत एखाद्या विद्यार्थ्याने वृत्त दिले की त्या वृत्ताविषयी दहा वृत्ते निघतात, म्हणून तेथे दखलेचा पुरावा मुबलक. आपल्याकडे पत्रकाराविषयी सविस्तर लिहिण्याची चाल त्याच्या निवृत्तीच्या किंवा मृत्यूच्या प्रसंगापुरती उरली आहे. इंग्रजीतला नियम मराठीत अक्षरशः लावावयाचा तर चांगले चांगले वार्ताहर बाहेर राहतील, आणि ढिला करावयाचा तर वाढदिवसाच्या पुरवण्यांतील सगळी मंडळी आत येतील. नियमातील 'गृहीत धरावे' या शब्दांचे काम येथे पडते. गृहीतक हे आरंभीचे अनुमान असते. लिहिलेले मोजून झाल्यावर ते कोणी, का आणि कशाच्या आधारे लिहिले हे पाहण्यास संपादक मोकळा असतो, आणि मराठीत त्याने ते पाहिलेच पाहिजे.

थिओ बेकरच्या बाबतीत आमचा कौल असा. अध्यक्षांच्या राजीनाम्याचे प्रकरण कोशात सविस्तर आले पाहिजे. तीत अहवालाच्या दोन्ही बाजू, निनावी टीकाकार, पत्राचे संपादक आणि बेकर, यांची आपापली जागा असावी. त्याची स्वतंत्र नोंदही असू द्यावी. पारितोषिक आणि त्याच्याविषयीचे विपुल लेखन पाहता ती नाकारणे हा नियमाचा विपर्यास होईल. पण ती लहान असावी, त्याच्या कामाची असावी, बालपणाची व घराण्याची नसावी. आईबापांना एक वाक्य पुरे.

एका सूत्राशी मात्र आमचे जमत नाही. पात्रता एकदा आली की ती कालांतराने जात नाही, असे हा कोश मानतो. राजकारणी पुरुष, ग्रंथकार, सेनापती यांच्याविषयी हे ठीकच आहे. त्यांनी आपले आयुष्य पुरते उघड्यावर घातलेले असते. अठराव्या वर्षी एक काम गाजले आणि पंचविसाव्या वर्षी माणूस शेतीकडे किंवा गणिताकडे वळला, असे होऊ शकते. त्या दिवशी त्याने आपली नोंद प्रकरणाच्या नोंदीत विलीन करावी असे मागितले तर दुसरी अट, प्रसिद्धीपासून दूर राहण्याची, त्याने तेव्हा पुरी केलेली असेल. तिसरी कधीच पुरी होणार नाही, कारण घटना मोठी होती ती मोठीच राहील. तेव्हा नियमाप्रमाणे त्याची विनंती फेटाळली जाईल. तरुणपणी नोंदीत आलेल्यांपुरती ही तिसरी अट सैल करावी आणि अशा विनंतीवर पुन्हा सात दिवसांची चर्चा व्हावी.